आठ तीसपासून आठ नऊपर्यंत : अविनाश साबळेच्या टार्गेटची केस

माझा भाचा सध्या भरतीची तयारी करतोय. पहाटे साडेचारला उठतो, मोबाईलवर कुठल्यातरी सरांचं तडाखेबंद भाषण लावतो, अर्धा तास ते ऐकतो आणि मग सोळाशे मीटर पळायला जातो. खोलीच्या भिंतीवर लाल मार्करनं लिहिलंय "ध्येय – वर्दी". मी एकदा सहज विचारलं, आज टायमिंग किती आलं रे, तर म्हणतो मामा आज बघितलं नाही पण फील भारी होता. मागच्या आठवड्यात किती होतं? ते पण लिहून ठेवलं नाही. भाषणातली वाक्यं मात्र तोंडपाठ.

तेव्हा मी त्याला अविनाश साबळेची केस सांगायला बसलो आणि सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की आपण ही केस चुकीची सांगतोय. आपण सगळे ती "गरिबीतून आला, जिद्दीनं पळाला, देशाचं नाव काढलं" अशी सांगतो. ते खरंच आहे, पण त्यातून माझ्या भाच्याला उद्या सकाळी काय करायचं हे काही कळत नाही. म्हणून यावेळी नीट आकडे काढून बसलो. पळणाऱ्या माणसाची केस अभ्यासाला बरी पडते कारण प्रत्येक पायरीला तारीख असते आणि सेकंद असतात, नंतर कुणी कितीही रंगवून सांगितलं तरी आकडा तिथंच असतो.

आधी थोडं घरचं. अविनाशचा जन्म १९९४ चा, गाव मांडवा, तालुका आष्टी, जिल्हा बीड. जिल्हा बीड असला तरी आष्टी नगरला जवळ, बाजारहाट, दवाखाना सगळं नगरला. आईवडील शेतकरी, वीटभट्टीवर पण काम केलेले. शाळा सहा किलोमीटर लांब आणि जायला गाडी नाही, त्यामुळं कधी चालत कधी पळत. बातम्यांत हा सहा किलोमीटरचा भाग फार रंगवून येतो, जणू तो लहानपणी ऑलिम्पिकचीच तयारी करत होता. असं काही नव्हतं हो. त्या भागातली शेकडो पोरं अशीच शाळेत जायची आणि बाकीची काही ऑलिम्पिकला गेली नाहीत. बारावीनंतर तो आर्मीत गेला, ५ महार रेजिमेंट. म्हणजे पहिलं ध्येय काय होतं तर नोकरी. घरात पगार आला पाहिजे, बस. आणि मला हे ध्येय अजिबात छोटं वाटत नाही, आमच्याकडं दहातली सहा पोरं अजून तेच ध्येय घेऊन पहाटे रस्त्यावर पळतात.

२०१३-१४ मध्ये सियाचीनला पोस्टिंग, मग राजस्थानचं वाळवंट, मग सिक्कीम. एकीकडं हाडं गोठवणारी थंडी, दुसरीकडं अंगाची लाही. २०१५ मध्ये आर्मीच्या आतल्या क्रॉस कंट्री स्पर्धांत पळायला लागला, तेव्हा तो एकवीस वर्षांचा. एकवीस! या वयात बाकी देशांतले धावपटू ज्युनियर वर्ल्ड चॅम्पियनशिप खेळून मोकळे झालेले असतात. मध्ये दुखापत झाली, वजन वाढलं, ते वीसेक किलो उतरवून परत पळायला लागला, आणि तिथं आर्मीचे कोच अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडं वळवलं.

ज्यांनी ही रेस बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण पुढचं सगळं यावर आहे. ३००० मीटर, म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकचे साडेसात राउंड. वाटेत २८ अडथळे आणि ७ वेळा पाणी. अडथळा म्हणजे ९१.४ सेंटीमीटर उंचीचा जाड लाकडी ओंडकाच, शंभर मीटर हर्डल्ससारखा धक्का लागला की पडत नाही, तो तिथंच राहतो आणि तुम्ही पडता. पाण्याच्या ठिकाणी अडथळ्यापुढं ३.६६ मीटर लांबीचा खड्डा असतो, आपण ओढा ओलांडताना दगडावर पाय देऊन पलीकडं झेप घेतो तसं बरेच जण ओंडक्यावर पाय ठेवून उडी मारतात. शेतातून, बांधावरून पळालेल्या माणसाला ही रेस मानवत असणार असं मला उगाच वाटतं, पण हा माझा अंदाज झाला.

पहिला आकडा दुसऱ्याचा होता

२०१७ ला तो स्टीपलचेसमध्ये आला तेव्हा भारतात या रेसचा एकच आकडा होता, ८ मिनिटं ३०.८८ सेकंद. गोपाल सैनी यांनी १९८१ ला टोकियोत लावलेला. अविनाशच्या जन्माच्या तेरा वर्षं आधीचा. सदतीस वर्षं कुणी मोडला नव्हता.

आता बघा, नवीन माणसापुढं असा एक आकडा असणं हे किती सोयीचं असतं. "मोठा धावपटू व्हायचंय" असं नाही, "देशाचं नाव काढायचंय" असं नाही. ८:३०.८८. आज किती आलं, किती राहिलं, वजाबाकी. २०१७ च्या राष्ट्रीय स्पर्धेत तो या आकड्यापासून नऊएक सेकंद लांब होता. २०१८ ला घोट्याची दुखापत झाली आणि जकार्ताची एशियन गेम्स हुकली. त्या वर्षी दुसरा कुणी असता तर "नशीबच फुटकं" म्हणून बसला असता, पण एशियन गेम्स गेली तरी तो आकडा कुठं गेला नव्हता, त्याला व्हिसा लागत नाही, सिलेक्शन लागत नाही. त्याच वर्षी भुवनेश्वरला राष्ट्रीय स्पर्धेत ८:२९.८० लावले. एक सेकंद आणि आठ शतांशानं मोडला.

मग दुसरा आकडा आला, तोही दुसऱ्यानंच ठरवलेला. २०१९ च्या दोहा वर्ल्ड चॅम्पियनशिपला जायचं तर ८:२९.०० च्या आत यायला पाहिजे. मार्च २०१९, पतियाळा, फेडरेशन कप, ८:२८.९४. सहा शतांश सेकंदांनी आत! डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात सहा शतांश दोनदा निघून जातात. पण आत तो आतच. एप्रिलला दोह्यातच एशियन चॅम्पियनशिपमध्ये सिल्व्हर.

ऑक्टोबरला परत दोहा, वर्ल्ड चॅम्पियनशिप. हीटमध्ये, म्हणजे फायनलआधीच्या फेरीत, त्याच्या पुढ्यात गर्दीत पाडापाडी झाली, तो अडकला, जागा गेली, तरी ८:२५.२३, नवा राष्ट्रीय विक्रम, पण नंबरात मागे. आपल्या फेडरेशननं प्रोटेस्ट केला, तो मान्य झाला आणि त्याला फायनलला घेतलं. फायनलमध्ये १३ वा आला. पेपरात "तेरावा" म्हणून छोटीशी बातमी. पण टायमिंग ८:२१.३७, आणि टोकियो ऑलिम्पिकची पात्रता होती ८:२२.००. म्हणजे तीन दिवसांत दोनदा स्वतःचा विक्रम मोडला आणि तेरावा येऊन ऑलिम्पिकचं तिकीट काढलं. मी हे भाच्याला सांगितलं तर तो म्हणे, तेरावा येऊन काय उपयोग. म्हटलं बाळा हाच तर मुद्दा आहे, तो तिथं नंबर आणायला आलाच नव्हता, ८:२२ च्या आत यायला आला होता आणि आला. निदान मी तरी ती रेस तशीच वाचतो.

यात अजून एक गोष्ट आहे जी भिंतीवर "वर्दी" लिहिणाऱ्याच्या लक्षात येत नाही. हे सगळे आकडे एकमेकांच्या जवळ होते. पहिल्या विक्रमापासून आजपर्यंत त्यानं राष्ट्रीय विक्रम दहा वेळा मोडलाय: ८:२९.८०, ८:२८.९४, ८:२५.२३, ८:२१.३७, मग मार्च २०२१ पतियाळा ८:२०.२०, टोकियो ऑलिम्पिक ८:१८.१२, मार्च २०२२ तिरुवनंतपुरम ८:१६.२१, जून २०२२ रबात ८:१२.४८, ऑगस्ट २०२२ बर्मिंगहॅम ८:११.२०, जुलै २०२४ पॅरिस ८:०९.९१. प्रत्येक वेळची वजाबाकी करून बघा, सगळ्यात मोठी उडी ३.८६ सेकंदांची, सगळ्यात छोटी ०.८६ ची. एकूण १९.८९ सेकंद, सहा वर्षांत. साडेसात राउंडवर वाटले तर ४०० मीटरला अडीच-पावणेतीन सेकंद. २०१८ ला कुणी त्याला म्हणालं असतं की आठ दहाच्या आत ये, तर तो आकडा इतका लांब होता की त्याचा काही उपयोगच झाला नसता. माझं स्वतःचं सांगतो, मी दहा किलोमीटरला एक तास पाच मिनिटं घेणारा माणूस, एका जानेवारीत डायरीत ५० मिनिटं लिहिलं आणि फेब्रुवारीत डायरीच सापडेना.

मधलं २०२० साल कोरोनात गेलं. ट्रॅकच्या रेसेस बंद. नोव्हेंबरला दिल्ली हाफ मॅरेथॉन झाली आणि तिथं हा स्टीपलचेसवाला २१ किलोमीटर १ तास ३० सेकंदात पळून आला, तो पण राष्ट्रीय विक्रम. ध्येय एक असलं तरी त्याच्या पोटात दुसरी छोटी कामं काढता येतात ती अशी. मे २०२२ मध्ये अमेरिकेत ५००० मीटर १३:२५.६५, बहादूर प्रसाद यांचा १९९२ चा १३:२९.७० चा विक्रम तीस वर्षांनी गेला. स्टीपलचेसला सपाट स्पीड लागतो, तो इथून येत होता.

मग आकडे संपले आणि माणसं सुरू झाली

इथपर्यंत केस सोपी आहे, कुणीपण सांगेल की छोटी छोटी टार्गेट ठेवा. मला खरी इंटरेस्टिंग वाटते ती यापुढची, कारण इथं तीच पद्धत त्याला अडवायला लागली.

टोकियो ऑलिम्पिक घ्या. हीटमध्ये ८:१८.१२, आयुष्यातलं सर्वोत्तम टायमिंग, राष्ट्रीय विक्रम, आणि हीटमध्ये सातवा, फायनलला नाही. आता याला यश म्हणायचं का अपयश? घड्याळाकडं बघितलं तर पास, यादीकडं बघितलं तर नापास. त्यावेळी आपल्याकडं दोन्ही टाइपच्या पोस्ट पडल्या होत्या आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांना मूर्ख म्हणत होते.

मग जुलै २०२२, युजीन, अमेरिका, वर्ल्ड चॅम्पियनशिप. यावेळी फायनलला पोचला. दीडेक महिन्यापूर्वीच रबातच्या डायमंड लीगला (ही जगातल्या टॉपच्या खेळाडूंची मालिका) ८:१२.४८ पळालेला, फॉर्म जबरदस्त. आणि फायनलला काय झालं तर कुणी पळायलाच तयार नाही. सगळे एकमेकांकडं बघत जॉगिंग केल्यासारखे चाललेत, कुणी पुढं जायला मागत नाही, कारण जो पुढं जातो त्याच्या मागं लपून बाकीचे दम वाचवतात आणि शेवटच्या राउंडला त्याला खातात. मोरोक्कोच्या सुफियान एल बक्कालीनं ती रेस ८:२५.१३ मध्ये जिंकली. आपला माणूस ११ वा, ८:३१.७५.

हा आकडा परत वाचा. ८:३१.७५. भुवनेश्वरला चार वर्षांपूर्वी तो यापेक्षा फास्ट पळाला होता! गोपाल सैनी १९८१ ला यापेक्षा फास्ट पळाले होते! जिंकणाऱ्याचं टायमिंग अविनाशच्या तेव्हाच्या बेस्टपेक्षा साडेबारा सेकंदांनी हळू. म्हणजे रेस त्याच्या आवाक्यातली होती का? नव्हती. कारण हळू चाललेल्या घोळक्यात शेवटच्या राउंडला जो एकदम वेग वाढवायचा असतो तो वेगळा खेळ आहे, त्याला अंगात वेगळं इंजिन लागतं आणि डोकंही वेगळं लागतं. ८:२२ च्या आत यायचं असेल तर शेजारी कोण आहे याला महत्त्व नाही. घड्याळ कोपर मारत नाही, आडवं येत नाही, मागून हसत नाही. माणसं हे सगळं करतात.

माझ्या मते ही सगळी केस या एका वळणावर उभी आहे. आकड्याचं टार्गेट तुमच्या हातात असतं, एकट्याचं असतं. माणसांना हरवायचं टार्गेट असलं की त्यातला निम्मा भाग दुसऱ्यांच्या हातात जातो. एमपीएससी करणाऱ्या पोरांना हे लगेच कळेल बघा. मागच्या वर्षीचा कटऑफ धरून तुम्ही अभ्यास करता, तेवढे मार्क पाडता पण, आणि यावर्षी कटऑफच वर जातो. तुमचा पेपर चांगलाच गेलेला असतो. तरी तुम्ही बाहेर.

एकोणीस दिवस

युजीनची फायनल १८ जुलैची. बर्मिंगहॅमला कॉमनवेल्थ गेम्सची फायनल ६ ऑगस्टची. मध्ये एकोणीस दिवस. एकोणीस दिवसांत पायात नवीन ताकद येत नसते, कुठलाही कोच सांगेल.

कॉमनवेल्थच्या या रेसचा इतिहास असा की १९९८ पासून २०१८ पर्यंत सहा वेळा स्पर्धा झाली आणि सहाही वेळा तिन्ही मेडल केनियाला. अठरापैकी अठरा. तिथं बीडचा माणूस केनियाच्या तिघांच्यात घुसला. आणि यावेळी रेस हळू नव्हती. वेग होता, म्हणजे त्याच्या सवयीची रेस. शेवटच्या राउंडला अब्राहम किबिवोट पुढं, हा मागं, शेवटच्या पाण्यानंतर तो इतका जवळ आला की टीव्हीसमोर आमच्याकडं दोन खुर्च्या पडल्या. किबिवोट ८:११.१५, साबळे ८:११.२०. पाच शतांश सेकंद, अंतरात बघितलं तर फूटभर. तिसरा आलेला पाच सेकंदांहून जास्त मागं.

युजीनपेक्षा वीस सेकंदांनी फास्ट, एकोणीस दिवसांत. माणूस तोच, पाय तेच. म्हणून मी म्हणतो ११ वा नंबर बघून कुणाचं माप काढू नका आणि सिल्व्हर बघून पण काढू नका, दोन्ही वेळा रेस काय मागत होती ते आधी बघा. पण हे आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर पटवून देणं महाकठीण, तिथं जुलैमध्ये "हे लोक बाहेर जाऊन ट्रिप करून येतात" आणि ऑगस्टमध्ये "बीडचा वाघ" एवढंच होतं, दोन्ही मेसेज एकाच काकांचे.

२०२३ चा प्लॅन, जो कागदावर बरोबर होता

२०२३ ला टार्गेट एकच ठेवलं, बुडापेस्टची वर्ल्ड चॅम्पियनशिप. ट्रेनिंग अमेरिकेत, कोलोरॅडो स्प्रिंग्जला, कोच स्कॉट सिमन्स. ते ठिकाण समुद्रसपाटीपासून अठराशे मीटरहून उंच, हवा विरळ, तिथं राहून रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद वाढते, केनिया-इथिओपियाच्या पोरांना जे जन्मापासून फुकट मिळतं ते आपल्या माणसाला विमानानं जाऊन मिळवावं लागतं. बँकॉकची एशियन चॅम्पियनशिप सोडून दिली, वर्ल्डवर फोकस करायचा म्हणून. जुलैला पोलंडमध्ये ८:११.६३ पळून पॅरिस ऑलिम्पिकची पात्रता (८:१५.००) आरामात खिशात घातली.

आणि बुडापेस्टला हीटमध्येच बाहेर. सातवा, ८:२२.२४. तोपर्यंत नियम बदलला होता, आता टायमिंगवर कुणाला घेत नव्हते, प्रत्येक हीटमधले पहिले पाच, विषय संपला. म्हणजे जो माणूस सहा वर्षं घड्याळाशी भांडत वर आला त्याच्यासाठी घड्याळाचा दरवाजाच बंद. एक सोपी एशियन स्पर्धा सोडली तिथं मेडल तर गेलंच पण माणसांच्या घोळक्यात पळायची प्रॅक्टिस पण गेली असं माझं मत. कोचला माझं मत कुणी विचारलेलं नाही हे मला मान्य आहे.

दीडेक महिन्यात हांगझोऊ एशियन गेम्स. तिथं त्यानं जे केलं ते मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. आशियात त्याच्या जवळपास टायमिंग असलेला कुणी नव्हता. मग घोळक्यात थांबायचंच कशाला? पुढं निघाला, वेग लावला, एकेक जण गळत गेला आणि शेवटचे काही राउंड हा एकटाच. ८:१९.५०. गेम्स रेकॉर्ड, या रेसमधलं भारताच्या पुरुषांचं एशियन गेम्समधलं पहिलं गोल्ड. पण स्वतःच्या बेस्टपेक्षा आठ सेकंद हळू! त्या दिवशी त्याला राष्ट्रीय विक्रम नको होता, गोल्ड पाहिजे होतं, आणि गोल्डला जेवढं लागतं तेवढंच खर्च केलं. तीन दिवसांनी ५००० मीटरला १३:२१.०९ पळून सिल्व्हर घेतलं, तर उरलेलं कुठं वापरलं ते दिसतंच.

पॅरिसला हेच शिकलेलं दिसतं. ७ जुलै २०२४ ला पॅरिसच्याच डायमंड लीगला ८:०९.९१, सहावा नंबर. म्हणजे घड्याळाचा हिशोब महिनाभर आधी, वेगळ्या स्टेडियममध्ये मिटवून टाकला. मग ऑलिम्पिकच्या हीटला गेला तो फक्त पहिल्या पाचात यायला. पाचवा आला, ८:१५.४३, मागच्याचं अंतर सुरक्षित आहे बघून शेवटी उगाच जीव काढला नाही. ऑलिम्पिक स्टीपलचेस फायनलला पोचलेला पहिला भारतीय पुरुष. पुरुष म्हणतोय कारण बायकांत हे आधीच झालंय, सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओत फायनलला होती, दहावी आली होती. माण काय आणि आष्टी काय, दोन्ही टँकरचे तालुके, आणि पाण्याच्या खड्ड्यावरून उडी मारायची रेस मात्र यांचीच. यावर कुणीतरी खरंच लिहायला पाहिजे.

फायनलला ११ वा, ८:१४.१८. एल बक्काली ८:०६.०५ मध्ये गोल्ड, ब्राँझ परत किबिवोट, ८:०६.४७. इथं मी परत वजाबाकी करत बसलो. समजा अविनाश त्या दिवशी आयुष्यातलं बेस्ट पळाला असता, तरी ब्राँझ ३.४४ सेकंद लांब होतं. ३५ अडथळे आहेत, म्हणजे दर अडथळ्यामागं एक दशांश सेकंद. ऐकायला किती कमी. पण आठ अकरावरून आठ नऊवर यायलाच, म्हणजे १.२९ सेकंद काढायला, त्याला जवळजवळ दोन वर्षं लागली होती, सुरुवातीला त्याहून जास्त सेकंद तो एका सीझनला काढत होता. भाच्याला हे सांगितल्यावर तो पहिल्यांदा गप्प बसला. त्याचं सोळाशेचं टायमिंग पण सुरुवातीला दर आठवड्याला पाच-पाच सेकंद उतरलं असणार आणि आता अडलंय, आणि अडलंय हे कळू नये म्हणूनच बहुतेक तो लिहून ठेवत नाही.

मे २०२५ ला कोरियात गुमीला एशियन चॅम्पियनशिपचं गोल्ड आलं, ८:२०.९२. पुरुष स्टीपलचेसचं हे गोल्ड भारताला छत्तीस वर्षांनी मिळालं. आणि जुलैला मोनॅकोच्या डायमंड लीगला पाण्याच्या अडथळ्यावर तो पडला. गुडघ्याचं लिगामेंट, एसीएल, गेलं. ऑपरेशन. सप्टेंबरची टोकियो वर्ल्ड चॅम्पियनशिप गेली. वय एकतीस.

एसीएलचं ऑपरेशन काय असतं ते मी जवळून बघितलंय, आमच्या पळायच्या ग्रुपमधल्या एकाचं कबड्डी खेळताना गेलं होतं. दहा किलोमीटर चोपन्न मिनिटांत पळणारा गडी. ऑपरेशननंतर फिजिओथेरपिस्ट बाईंनी त्याला एक साधी वही करायला लावली होती, त्यात किलोमीटर नाही, मिनिटं नाहीत, फक्त रोजची तारीख आणि गुडघा किती अंश वाकला तो आकडा. मी भेटायला गेलो तेव्हा तो पलंगावर टाच सरकवत घामाघूम झालेला, बायको शेजारी मोजायचं ते प्लॅस्टिकचं साधन धरून बसलेली. वहीत वरती चाळीस होतं, मग बावन्न, मग दोन दिवस बावन्नच, मग साठ. मला म्हणाला, थांब रे जरा, नव्वद होऊ दे, मग चहा घेऊ.